दमणगंगेकाठचे सिल्वासा

नदीकाठच्या जुन्या गावांची मौज अनुभवण्यासाठी फ्रान्सपर्यंत जाणाऱ्या रसिकांनी एकवार वापी स्थानकावर उतरून, वाटेतल्या कारखान्यांकडे थोडा काणाडोळा करून, आमच्या सिल्वासात पायधूळ झाडावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. पुणे दरबाराने १७७९च्या तहान्वये पोर्तुगीजांस सालीना १२,००० रुपयांचा महसूल देऊ केला आणि १७८३ व १७८५च्या सनदांनी येथील गावे त्यापोटी लावून दिली. हा सरंजाम केवळ वसुलीपुरता होता, मुलुखाचे स्वामित्व त्यात दिले नव्हते, असा निर्वाळा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० साली दिला खरा, परंतु त्यापूर्वीच, २ ऑगस्ट १९५४ रोजी, सिल्वासा मुक्त झाले होते, आणि त्या मोहिमेत सुधीर फडके यांच्यासारखा संगीतकारही सामील होता.

गावातले पोर्तुगीज वळणाचे चर्च पाहण्यास अर्धा तास पुष्कळ. खरी गोडी खानवेलच्या रस्त्याची. भात पिकू लागले की वारली पाड्यांवर तारपा घुमतो: वाळल्या दुधी भोपळ्याचे फुगीर पोट, त्यास जोडलेल्या दोन नळ्या आणि पुढे ताडपत्रांचा कर्णा, वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि हातांत हात गुंफलेले नर्तक, तारप्याकडे पाठ न होऊ देता, सुराबरहुकूम पावले बदलतात. दुधनीस मधुबन धरणाचा जलाशय डोंगरांच्या कुशीत शिरलेला दिसतो. तेथे होडीही मिळते. रविवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी तेथे सहलकऱ्यांचाच अंमल असतो.