रंगाखालचे लाकूड

विमान आणि दोरी हे दोन शब्द एकत्र उच्चारले की ऐकणारास हसू येते. दोरीला पतंग असतो, दोरीला गाय असते. विमानास दोरी कशास? आमच्या कार्यशाळेत आम्ही काही विद्यार्थी गेली दोन वर्षे जे छोटे विमान तयार करीत आहोत, ते पाहावयास येणारे बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : "बाजारात तयार ड्रोन मिळतो, मग हा खटाटोप कशाला?" या दोन्ही प्रश्नांस उत्तर द्यावे, व ते देताना माझ्या हातून घडलेली एक चूक वाचकांपुढे मोकळेपणाने मांडावी, या हेतूने मी हा लेख लिहीत आहे.

प्रथम हे विमान कसे चालते ते सांगतो. उडविणारा वर्तुळाच्या मध्यभागी उभा असतो व त्याच्या हातात एक मूठ असते. मुठीपासून दोन बारीक पोलादी तारा निघतात, त्या विमानाच्या डाव्या पंखातून आत शिरतात आणि मधोमध बसविलेल्या एका लहानशा त्रिकोणी पट्टीस जोडलेल्या असतात. मनगट वर वळविले की ती पट्टी फिरते, तिची सळई शेपटीची आडवी फळी उचलते आणि विमान चढते. मनगट खाली वळविले की ते उतरते. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ते उडविणाऱ्याभोवती फिरत राहते. अमेरिकेतील जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली, आणि पुढे तिच्या रीतसर शर्यती सुरू झाल्या.

या शर्यतीचे नियम मोठे मौजेचे आहेत. आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघाच्या नियमांप्रमाणे तीन विमाने एकाच वर्तुळात एकाच वेळी उडतात. प्रत्येकाची त्रिज्या १५.९२ मीटर ठेवलेली असते. हा आकडा विचित्र वाटतो खरा. परंतु त्रिज्येवरून परीघ काढून पाहावा, म्हणजे एक फेरी बरोबर १०० मीटरांची भरते व १०० फेऱ्यांत १० किलोमीटर पुरे होतात, हे ध्यानात येईल. इंजिन २.५ घनसेंटिमीटरांहून मोठे चालत नाही आणि टाकीत ७ घनसेंटिमीटरांहून अधिक इंधन मावता कामा नये. एवढ्या इंधनात शर्यत संपत नाही, म्हणून विमानास मध्येच उतरावे लागते. परिघावर बसलेला दुसरा गडी ते झेलतो, इंधन भरतो, बोटाने पंखा फिरवून इंजिन पुन्हा सुरू करतो व विमान सोडून देतो. जगातील उत्तम जोड्या हे सारे थांबे धरून १० किलोमीटर सुमारे ३ मिनिटांत कापतात. अशा रीतीने ही शर्यत एकट्याची कधीच नसते. मध्यभागी उभ्या असलेल्याकडे सर्वांचे लक्ष असते. परंतु गुडघे टेकून बसलेल्या त्याच्या जोडीदाराने एक चूक केली, तर दोघेही हरतात. आमच्या जोडीत विमान बांधणारा व झेलणारा मी, आणि उडविणारा माझा मित्र.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. दोरीने बांधलेले उड्डाण ते खरे उड्डाण नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी शेतातील गोफण आठवावी. गोफणीतील दगड दोरीत असतो म्हणून त्याचा वेग खोटा ठरत नाही. ताशी ९० किलोमीटर वेगाने फिरणारे अर्ध्या किलोचे विमान या त्रिज्येवर मुठीस सुमारे २ किलो वजनाइतकी ओढ देते. वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट होत नाही. ती चौपट, म्हणजे सुमारे ८ किलो होते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील वेगाचा वर्ग आम्ही पाठ केला होता. तो मनगटास कळला तेव्हा प्रथम समजला. पंखाचा उचल देणारा बाक, गुरुत्वमध्याची जागा, इंजिनाचा रोख, यांपैकी एकही गोष्ट तारा आहेत म्हणून माफ होत नाही. उलट, तारा सैल पडल्या तर विमान उडविणाऱ्याच्या हातातून सुटलेच म्हणून समजावे. यास्तव उजव्या पंखाच्या टोकात थोडे वजन घालावे लागते आणि इंजिनाचे तोंड किंचित बाहेरच्या बाजूस वळवावे लागते.

लाकडाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. या विमानांस दक्षिण अमेरिकेतील बाल्सा नावाचे अत्यंत हलके लाकूड वापरतात. हा बाल्सा आपल्या काटेसावरीचा नातलग आहे. दोन्ही झाडे वनस्पतिशास्त्रात एकाच कुळात मोडतात. फाल्गुनात आपल्या जिल्ह्यातील रानांत लाल फुलांनी पेटलेली सावर पाहताना, हिचा एक दूरचा भाऊ पंख होऊन उडतो, हे आता मला दर वर्षी आठवते. आम्ही पंख बाल्साचे केले, चाकांचे पाय घरच्या बांबूचे केले, आणि इंजिन ज्या दोन कठीण पट्ट्यांवर बसते त्या पट्ट्या मोठ्या अभिमानाने सागवानाच्या केल्या. बालाघाटच्या मुलाने सागवान सोडून दुसरे लाकूड का घ्यावे, असा माझा विचार होता. माझ्या चुकीची सुरुवात येथेच झाली.

विमान बांधून झाले म्हणजे त्याचे शेवटचे संस्करण सुरू होते. बांधणीपेक्षा यासच अधिक दिवस लागतात. प्रथम पॉलिश कागदाने लाकूड घासावयाचे, आधी भरड मग बारीक. मग डोप नावाच्या द्रावणात शंखजिऱ्याची भुकटी कालवून लाकडाची छिद्रे बुजवावयाची. मग पुन्हा घासावयाचे. मग तलम कागद चिकटवून त्यावर डोपचे हात द्यावयाचे. आणि सर्वांत शेवटी रंग व इंधनाने न विरघळणारा पारदर्शक लेप. डिझेल जातीच्या या छोट्या इंजिनांत ईथर, रॉकेल व एरंडेल यांचे मिश्रण जळते. लेपात एक टाचणीएवढे छिद्र राहिले तरी ते मिश्रण लाकडात मुरते व सांधे सुटू लागतात. शिवाय प्रत्येक हाताबरोबर वजन वाढते, म्हणून रंग देणाराने तराजू जवळ ठेवावा लागतो.

या कामाचा एक गुण असा, की ते दोष दाखवून देते. कोरड्या लाकडावर जो ओरखडा दिसत नाही, तो पहिल्या हातानंतर स्पष्ट दिसतो. शर्यतीच्या आदल्या रात्री मला असाच एक दोष दिसला. सागवानाची पट्टी जेथे विमानाच्या पोटास चिकटविली होती, तेथे केसाएवढी एक भेग उमटली होती. सागवानात अंगचे तेल असते, आणि ते पुसून काढल्याशिवाय चिकटवलेला सांधा नीट धरत नाही, हे मला पुढे कळले. परंतु ती भेग काय सांगते, हे त्या रात्रीही मला कळले नव्हते असे म्हणणे खोटे होईल. दुरुस्ती करावयाची तर सांधा उघडावा लागणार होता आणि शर्यत हुकणार होती. मी भेगेत लांबी भरली, ती घासली, वर किरमिजी रंगाचे दोन हात दिले. सकाळी विमान आरशासारखे चकाकत होते. मित्राने विचारले, "सगळं तपासलंस ना?" मी म्हणालो, "हो."

एकतिसाव्या फेरीत इंजिन पट्टीसकट उखडले. गोफणीतून सुटलेला दगड जसा स्पर्शरेषेने जातो, तसे ते सरळ बाहेर गेले व दोरखंडाच्या आत, मैदानाच्या कडेला मातीत रुतले. पाचवी-सहावीतील मुले थोड्याच वेळापूर्वी त्याच जागी बसली होती. सरांनी त्यांस उठवून दोरखंडामागे नेले होते. कोणास इजा झाली नाही. यात माझे श्रेय काही नाही. सरांच्या सावधपणामुळे अनर्थ टळला.

याहून मनास लागलेली गोष्ट पुढेच आहे. माझा मित्र सर्वांची क्षमा मागू लागला. आपल्या मनगटास हिसका बसला म्हणून विमान मोडले, अशी त्याची समजूत झाली होती. दोन दिवस मी ती समजूत तशीच राहू दिली. तिसऱ्या दिवशी सरांनी तुटलेली पट्टी मेजावर ठेवली आणि कोणावर न रागावता इतकेच विचारले, "ही भेग तुला कधी दिसली होती?" तेव्हा मी मित्रासमक्ष खरे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला सांगायचं होतंस. आपण शर्यत सोडली असती." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते व आजही नाही.

म्हणून माझे मत असे की, आपण ज्यास शेवटचा हात म्हणतो, तो शोभेचा भाग नसून परीक्षेचा भाग आहे. रंग दोष झाकण्यासाठी दिला तर तो फसवणूक करतो. दोष शोधून झाल्यावर दिला तर तो लाकडाचे रक्षण करतो. दोन्ही रंग वरून सारखेच चकाकतात. फरक फक्त देणारास ठाऊक असतो, आणि काही वेळाने विमानास.

हीच गोष्ट आपण ऐकतो त्या कथांसही लागू आहे. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर निर्मनुष्य विमान उडविले, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा पुढे आलेला नाही. त्याच्याशी ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचे नाव जोडतात, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली मांडला. तळपद्यांच्या ध्यासास मी कमी लेखत नाही. परंतु भेगेवर रंग देण्याची सवय एका विद्यार्थ्याची असते तशी समाजाचीही असू शकते. अभिमानास खरा आधार आपल्यापाशी नाही काय? १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत प्रांड्टल यांच्यापाशी शिकले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे रचलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली आकाशात गेले. अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ साली लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली व २०२० साली धुळ्यास ते उडाले. गच्चीवरील विमानाचे कौतुक झाले तरी ते धावपट्टीवर सिद्ध करावे लागले, ही त्यातील मोलाची गोष्ट होय.

आपल्या जिल्ह्यास हे दूरचे वाटू नये. सीमेपलीकडे गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे व तेथे आज वैमानिक शिकतात. १८ मार्च २०२३ रोजी तेथून निघालेले एक प्रशिक्षण विमान आपल्याच जिल्ह्यातील डोंगरात कोसळून दोघांस मृत्यू आला. त्या अपघाताच्या कारणांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. आकाशात सारे काही जिवाशी असते, एवढेच त्यावरून मी शिकलो. भरवेलीच्या मँगनीज खाणीत ज्यांच्या घरची माणसे जमिनीखाली उतरतात, त्या माझ्या वर्गबंधूंस हे वेगळे सांगावयास नको. ढिला आधार रंगवून घट्ट होत नाही.

राहिला ड्रोनचा प्रश्न. ड्रोन शेतीस उपयोगी आहे, पुरात उपयोगी आहे. त्याची निंदा करणे मूर्खपणाचे ठरेल. परंतु विकत घेतलेल्या यंत्राचा सांधा आपण चिकटविलेला नसतो. ते पडले तर दोष कारखान्यास देऊन आपण मोकळे होतो. स्वतः बांधलेल्या विमानाच्या बाबतीत ती सोय नाही. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे : इंजिन महाग असते व बाल्सा बाहेरून आणावा लागतो. त्यावर उपाय असा की वर्गास एकच इंजिन असावे, आणि पहिले विमान बिनइंजिनाचे, हाताने फेकावयाचे करावे. एन.सी.सी.च्या वायुदल शाखेत विमानप्रतिकृती शिकवितात. आपल्या विद्यालयासही हे अशक्य नाही.

शेवटी आमच्या कार्यशाळेसाठी एक नम्र सूचना करतो. रंग देण्यापूर्वी प्रत्येक जोडीने आपले विमान दुसऱ्या जोडीच्या हाती तपासावयास द्यावे. त्यांनी सांधे वाकवून पाहावेत, तारांस वजन लावून ओढ पाहावी आणि आढळलेला प्रत्येक दोष वहीत लिहून खाली सही करावी. दोष लिहिणारास कोणी शत्रू समजू नये, व ज्याचा दोष निघाला त्यास कोणी हसू नये. असे झाले तर भेग सापडल्यावर ती लपविण्याचा मोह निम्मा तरी कमी होईल.

आमचे दुसरे विमान आता बांधून झाले आहे. या खेपेस पट्ट्या सागवानाच्याच आहेत. मात्र चिकटविण्यापूर्वी त्यांचे तेल स्पिरिटने पुसून काढले आहे. विमान अजून रंगविलेले नाही. ते माझ्या मित्राच्या घरी आहे. तपासून झाले की तो परत आणून देईल.

— एक विद्यार्थी, इयत्ता अकरावी