तौक्ते, फणसाची फांदी आणि तीन दिवसांचा काळोख

मे महिना लागला की आम्हा साखळीकरांच्या घरात हल्ली एक प्रश्न निघतो: यंदा वीज किती दिवस जाणार? पूर्वी तो जूनमध्ये निघायचा. तो अलीकडे आला १६ मे २०२१ च्या रविवारपासून.

त्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळच्या समुद्रातून उत्तरेकडे सरकले. जमिनीवर आले ते दुसऱ्या दिवशी रात्री, गुजरातमध्ये. म्हणजे आम्हाला लागला तो नुसता त्याचा पदर. तरीही राज्यभर शेकडो झाडे पडली, खांब मोडले, तारा तुटल्या. अक्षय्य तृतीया होऊन दोनच दिवस झाले होते आणि कोविडची संचारबंदी चालू होती. आमच्या वाड्यावर वीज आली ती तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला.

वाऱ्याने वीज घालवली असे आम्ही म्हणतो, ते अर्धेच खरे. वाऱ्याने झाड पडते आणि झाड तारांना व खांबाला घेऊन खाली येते. अमेरिकेत कनेटिकट राज्यात २९ ऑक्टोबर २०११ रोजी अवेळी बर्फ पडला, तेव्हा सुमारे ८ लाख ग्राहकांची वीज गेली. काही घरांत ती आठवड्याहून जास्त काळ आली नाही. बर्फ तिथे दरवर्षीच पडतो. पण त्या वेळी झाडांची पाने गळायची होती. पानांवर बर्फ साचला, फांद्या मोडल्या आणि तारांवर पडल्या. आमच्याकडे बर्फाच्या जागी वारा, एवढाच फरक. मे महिन्यात आंबा, फणस फळांनी वाकलेले असतात आणि फांद्या छाटण्याची पावसाळ्यापूर्वीची कामे अजून चालू असतात.

इथे दोष एकट्या वीज खात्यावर टाकून चालणार नाही. लाईनमन एप्रिलमध्ये कोयता घेऊन दारात आला, तर आम्हीच म्हणतो, "थांब रे, फणस काढून होऊ दे, मग काप." फणस काढून होईपर्यंत मेचा पंधरवडा उलटतो. छाटणी एप्रिलअखेर संपवायची असेल तर काही फळांवर पाणी सोडावे लागेल, आणि ते आमच्या जिवावर येते. भूमिगत केबल हा उपाय आहे, पण ती महाग पडते, आणि बिघाड झालाच तर नेमकी जागा शोधून खणण्यात वेळ जातो.

शेजारच्या वाड्यावर वीज आली, आमच्याकडे का नाही, यावरून दरवेळी भांडणे होतात. त्यामागे क्रम असतो. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते, म्हणून आधी उच्च दाबाच्या मोठ्या वाहिन्या, मग ३३ केव्ही, मग ११ केव्ही, शेवटी ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतची तार. बँकेच्या भाषेत आधी हेड ऑफिस, मग शाखा, मग काउंटर. शेवटच्या तारेवर चारच घरे असली तर त्यांची पाळी शेवटीच येते.

प्रश्न हा की त्या चार घरांत कोण आहे. २०२१ च्या मे महिन्यात कित्येक घरांत रुग्ण विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजन यंत्रावर होते. पंख्यावाचून माणूस तीन रात्री काढतो, यंत्रावाचून त्याला तीन तासही जड जातात. इन्व्हर्टर असला तरी तो दिवे-पंख्यांच्या हिशेबाने घेतलेला. यंत्र लावले की बॅटरी लवकर बसते.

दुसरी अडचण पाण्याची. पंप बंद पडला की टाकी रिकामी. जुन्या घरांच्या विहिरींवर रहाट होते. बहुतेकांनी पंप बसवल्यावर ते काढून टाकले. बाजाराजवळच्या फ्लॅटवाल्यांना तर विहीरच नाही. त्या तीन दिवसांत आम्ही एका घराच्या रहाटावरून सात घरांचे पाणी भरले, आणि घरमालकाने एका शब्दाने हटकले नाही.

एक सूचना मात्र कडकपणे करतो. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडू नका. ती वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते, आणि तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाईनमन जिवाला मुकतो.

यंदा आम्ही मंडळातर्फे दोन याद्या करत आहोत: विजेवरच्या यंत्राची गरज असलेले रुग्ण कुठल्या घरात आहेत, आणि रहाट अजून कुठल्या विहिरीवर आहे. नावे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत द्यावीत. तारेवर आलेल्या फांदीला कापायची परवानगी देणाऱ्यांनीही त्याच वेळी सांगितले तर बरे, फणस लागलेला असला तरी.