शेतावरील सुतारकाम आणि मायटर सॉ

शेतकऱ्याच्या घरी लाकूडकामाची गरज बारमाही असते. गोठ्याचे फाटक, शेळ्यांची गव्हाण, कोंबड्यांचे खुराडे, खिडकीची चौकट, मधमाश्यांच्या पेट्या, यांपैकी काही ना काही करावयाचे अथवा दुरुस्त करावयाचे राहतेच. पूर्वी ही कामे गावचा सुतार बलुत्यावर करीत असे. ती व्यवस्था आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी स्वतःच हत्यार हाती घेतले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु ती ज्या रीतीने घडत आहे तिजविषयी स्पष्टपणे बोलणे आवश्यक आहे.

लोखंड घासण्याच्या व कापण्याच्या हातातील ग्राइंडरला दातेरी पाते लावून लाकूड कापण्याची प्रथा पडली आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटास सुमारे १०,००० किंवा त्याहून अधिक फेरे घेतो. पाते लाकडात अडकताच यंत्र झटक्याने उसळते. त्यातच संरक्षक झाकण काढून ठेवलेले असले तर हात व पाते यांच्यामध्ये काहीच उरत नाही. याला काटकसर म्हणता येणार नाही. ज्यास वर्षातून दहा-पाच फळ्याच कापावयाच्या आहेत त्याने हातकरवत वापरावी. ज्यास वारंवार व अचूक काम करावयाचे आहे त्याने मायटर सॉ घ्यावा. ग्राइंडर हा या दोहोंमधील मार्ग नव्हे.

मायटर सॉचे पाते वरून खाली येऊन फळी आडवी कापते आणि हवा तो कोन देते. फळी लांबीच्या दिशेने चिरण्याचे काम मात्र या यंत्राचे नाही. घरगुती कामास २५४ मिलिमीटर, म्हणजे दहा इंची पात्याचे यंत्र पुरेसे होते. साधे यंत्र सुमारे १४ सेंटिमीटर रुंदीची फळी कापते. पाते पुढेमागे सरकणारे यंत्र सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत कापते. फाटके व चौकटी यांसाठी साधे यंत्र घ्यावे. लँगस्ट्रॉथ पेटीची फळी सुमारे २४ सेंटिमीटर उंच असते, म्हणून मधुपालकास सरकते यंत्र घेणे इष्ट. पाते कार्बाइडच्या दातांचे असावे. स्वच्छ कापासाठी ६० दात योग्य. पैसे मर्यादित असतील तर यंत्र साधे घ्यावे, पण पाते उत्तम घ्यावे.

यंत्र कारखान्यातून आले म्हणजे ते अचूकच असेल असे समजू नये. प्रथम वीजजोडणी काढून गुण्याने दोन गोष्टी तपासाव्यात: पाते मागील आधारपट्टीशी काटकोनात आहे काय, आणि मेजाशी उभे काटकोनात आहे काय. गुण्या पात्याच्या सपाट भागास लावावा, दातास नव्हे. नंतर समांतर कडांची रुंद फळी कापून एक तुकडा उलटा करावा व दोन्ही तुकडे पट्टीशी धरून कापलेली टोके जुळवावीत. जी फट दिसेल ती मूळ चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक दोषही डोळ्यास दिसतो. चौकटीस ४५ अंशांचे आठ काप लागतात; प्रत्येकात अर्धा अंश चूक राहिली तर शेवटच्या सांध्यात चार अंशांची फट पडते. मधाच्या पेटीत तर चौकटींभोवती सहा ते नऊ मिलिमीटर जागाच ठेवावी लागते. ती वाढली तर माश्या तेथे पोळे बांधतात.

यंत्र भक्कम मेजावर बोल्टने आवळावे आणि दोन्ही बाजूंस त्याच पातळीचे टेकू द्यावेत. १,६५० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे सात अँपिअर वीज घेते, आणि सुरू होताना त्याहून पुष्कळ अधिक. यास्तव १६ अँपिअरचा सॉकेट व जाड तांब्याची तार असावी. खळ्यापर्यंत बारीक तार ओढल्यास दाब उतरतो व मोटार तापते. दाब कमी असताना यंत्र चालवू नये.

चालवताना हात पात्यापासून निदान १५ सेंटिमीटर दूर असावा व आखूड तुकडा शिकंज्याने धरावा. वाकलेल्या फळीची फुगीर बाजू आधारपट्टीकडे ठेवावी, म्हणजे पाते चिमटले जात नाही. जुन्या लाकडातील खिळे आधी काढावेत. डोळ्यांस चष्मा व तोंडास फडके असावे. हातमोजे आणि लोंबते उपरणे मात्र नसावे. पाते पूर्ण वेगात आल्यावरच कापण्यास सुरुवात करावी, आणि ते थांबल्यावाचून वर उचलू नये. या यंत्रावर लोखंड कापू नये. ठिणग्या व भुसा एकत्र आले की आगीस वेळ लागत नाही.

शेतकरी बंधूंनी खरेदीपूर्वी हा खर्च अनेकांत वाटून घेण्याचाही विचार करावा. बचतगटाने अथवा शेजारच्या चार घरांनी मिळून एक चांगले यंत्र घेतले, ते एका जागी पक्के बसवले आणि गावातील जाणत्या सुताराकडे त्याची देखरेख सोपविली, तर यंत्राचा उपयोग होईल, सुताराच्या कौशल्यास मोल मिळेल आणि नवशिक्यांची बोटेही सुरक्षित राहतील.