लाल रेघ उगाच नसते

मोटरसायकलच्या टॅकोमीटरवर एका आकड्यापासून पुढे लाल पट्टा सुरू होतो. त्याबद्दल बाइकवेड्या तरुणांची एक समजूत पक्की असते. कंपनीने इंजिनाला मुद्दाम लगाम घातला आहे, तो सोडला की खरी गाडी बाहेर येईल. लगाम सोडायचे दोन उपाय सांगितले जातात. पहिला, ईसीयू रिमॅप करून आरपीएमची मर्यादा वर सरकवायची. दुसरा, इंजिनात जास्त कडक, म्हणजे ‘हेवी’ व्हॉल्व्ह स्प्रिंगा टाकायच्या. पहिल्याला लॅपटॉप पुरतो, दुसऱ्याला इंजिनाचे हेड उघडावे लागते. माझे मत असे की रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी पहिला उपाय धोक्याचा आहे आणि दुसरा बहुतेक वेळा निरुपयोगी. का, ते समजायचे तर तर्जनीएवढ्या त्या स्प्रिंगेचे काम समजून घ्यायला हवे.

इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. कॅम नावाचा उंचवटा फिरत येऊन व्हॉल्व्हला ढकलतो आणि तो उघडतो. पण कॅमला फक्त ढकलता येते, ओढता येत नाही. उघडलेल्या व्हॉल्व्हचा वेग कमी करून, त्याला कॅमला चिकटवून ठेवत परत जागेवर आणण्याचे काम स्प्रिंगेचे. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे ९,००० आरपीएमला तो सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो. एकदा उघडून मिटायला त्याला जेमतेम पाच मिलिसेकंद मिळतात.

खरी मेख गणितात आहे. आरपीएम वाढले की व्हॉल्व्हला आवरायला लागणारा जोर त्याच प्रमाणात वाढत नाही, तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९,००० वरून १०,५०० वर गेलो, तर फेरे साधारण १७ टक्क्यांनी वाढतात, पण लागणारा जोर ३६ टक्क्यांनी. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडतो आणि क्षणभर हवेत तरंगतो. याला ‘व्हॉल्व्ह फ्लोट’ म्हणतात. मग तो उशिरा मिटतो, बैठकीवर आपटून पुन्हा उसळतो. दाब निसटतो, ताकद घटते. आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत व्हॉल्व्ह अजून उघडाच असेल, तर दोघांची टक्कर होते. व्हॉल्व्ह वाकतो, कधी त्याचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडते आणि इंजिन जागीच अडकते. हे हायवेवर भर वेगात घडले आणि क्लच वेळेवर दाबला गेला नाही, तर मागचे चाक लॉक होते. पुढची गोष्ट मेकॅनिकच्या हातात राहत नाही, अस्थिरोगतज्ज्ञाच्या टेबलावर जाते.

मग कडक स्प्रिंग टाकली की प्रश्न मिटला? इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. स्प्रिंग ताकद निर्माण करत नाही. जास्त फेऱ्यांना व्हॉल्व्ह ताब्यात राहील, एवढीच हमी देते. त्या फेऱ्यांना इंजिन पुरेशी हवा ओढू शकते का, हे कॅमचा आकार, पोर्ट, व्हॉल्व्हचा व्यास आणि एक्झॉस्ट ठरवतात. हे सगळे मूळचेच ठेवले, तर ठरावीक आकड्यानंतर ताकदीचा आलेख खाली झुकतोच. पुढचे दीड-दोन हजार फेरे म्हणजे नुसता आवाज. शिवाय पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताणही त्याच वर्गाच्या नियमाने वाढतो. त्यांच्यासाठी कोणी स्प्रिंग बदलत नाही.

कडकपणाची किंमतही रोज मोजावी लागते. कॅम आणि त्याखालच्या रॉकरवर दाब वाढतो, घर्षण वाढते, पृष्ठभाग लवकर झिजतात. व्हॉल्व्ह बैठकीवर जोरात आदळतो. स्प्रिंग जाड तारेची असेल आणि पूर्ण दाबल्यावर तिचे वेटोळे एकमेकांना टेकले, तर ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडी नळी होते. मग कॅम किंवा रॉकर यांपैकी काहीतरी तुटते. त्यात स्प्रिंगेची स्वतःची एक लय असते. झोक्याला योग्य वेळी टेकू देत राहिले की तो चढत जातो, तसे कॅमचे ठोके त्या लयीशी जुळले की वेटोळ्यांमध्ये लाटा उठतात आणि स्प्रिंग आतल्या आत थरथरू लागते. म्हणूनच जाणकार इंजिनिअर नुसता कडकपणा वाढवत नाहीत. ते मधमाशांच्या पोळ्यासारखी वर निमुळती होणारी स्प्रिंग वापरतात, वरची टोपी टायटॅनियमची करून वजन घटवतात, किंवा एकात एक दोन स्प्रिंगा बसवतात. त्या दोघींचे पीळ उलट दिशांना असतात, म्हणजे एकीचे वेटोळे दुसरीत अडकत नाहीत.

शर्यतीच्या जगाने हा प्रश्न जन्मभर झेलला आहे. होंडाच्या १९६६ च्या सहा सिलिंडरच्या २५० सीसी शर्यती मोटरसायकलचे इंजिन साध्या स्प्रिंगांवर सुमारे १८,००० आरपीएमपर्यंत जायचे. युक्ती कडक स्प्रिंगेत नव्हती, अगदी चिमुकल्या आणि हलक्या व्हॉल्व्हमध्ये होती. मर्सिडीजने १९५४-५५ च्या फॉर्म्युला वन गाडीत व्हॉल्व्ह मिटवण्यासाठीही वेगळा कॅम दिला. डुकाटीच्या फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये तीच कल्पना मोटरसायकलच्या शर्यतीत आणली आणि पुढे ती कंपनीची ओळख झाली. रेनॉने १९८० च्या दशकात धातूच्या स्प्रिंगेऐवजी दाबलेला वायू वापरला. त्या वाटेने फॉर्म्युला वनची इंजिने २००६ च्या सुमारास २०,००० आरपीएमला पोहोचली.

पण या इतिहासाचा मला सर्वांत बोलका वाटणारा टप्पा २०२० चा आहे. त्याच डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही-४ या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलच्या इंजिनात आपली प्रसिद्ध यंत्रणा सोडून साध्या स्प्रिंगा घातल्या. त्यामुळे व्हॉल्व्हची तपासणी थेट ६०,००० किलोमीटरवर नेता आली. फेऱ्यांच्या हव्यासासाठी जगभर ओळखली जाणारी कंपनीसुद्धा रस्त्यासाठी गाडी करताना टिकाऊपणा निवडते. नाक्यावरच्या सिग्नलला शर्यत लावणाऱ्यांनी यावर जरा थांबून विचार करावा.

याचा अर्थ व्हॉल्व्ह स्प्रिंगेला हातच लावू नये, असा नाही. उष्णतेने आणि कोट्यवधी ठोक्यांनी स्प्रिंग थकते, तिची लांबी घटते, ताण उतरतो. जुन्या गाडीचे हेड उघडले असेल, तर स्प्रिंग काढून कॅलिपरने तिची मोकळी लांबी मोजावी, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी आणि कमी भरली तर कंपनीची मूळ स्प्रिंग टाकावी. जुन्या बुलेटसारख्या पुशरॉडच्या इंजिनात तर हलणाऱ्या भागांचे वजन मुळातच जास्त. तिथे हे मोजमाप चुकवूच नये. आणि ज्यांना खरोखर उंच फेऱ्यांचे इंजिन बांधायचे आहे, त्यांनी कॅम, स्प्रिंग, पिस्टन, रॉड असा पूर्ण संच एकत्र ठरवावा आणि तो चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर पळवावा. त्यात कमीपणा काही नाही. ते उत्तम अभियांत्रिकी शिक्षण आहे.

रेव्ह लिमिटरबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो फक्त ठिणगी किंवा इंधन तोडतो. भर वेगात चुकून दोन गिअर खाली टाकले, तर चाकच इंजिनाला फिरवते आणि लिमिटर बघत बसतो. कंपनी लाल रेघेच्या वर थोडी मोकळीक ठेवते, ती अशा चुकांसाठी. रिमॅप करून ती मोकळीक आधीच खर्चून टाकली, तर चुकीला जागाच उरत नाही.

फटफट आवाजाचा सायलेन्सर पोलिसाला लांबून ऐकू येतो. स्प्रिंग मात्र हेडच्या आत असते, ती कोणी तपासत नाही. तिथे गॅरेजमधल्या मिस्त्रीचे ज्ञान हाच एकमेव पहारा आहे. आपल्याकडे हाताला चांगली समज असलेल्या मिस्त्र्यांची वाण नाही. त्यांच्या हातात अंदाजाऐवजी कॅलिपर, स्प्रिंगेचा ताण मोजणारा काटा आणि कंपनीचे आकडे देणे, हे आयटीआयपासून सुरू व्हायला हवे. तोवर गिऱ्हाईकाने एवढे तरी करावे. ‘हेवी स्प्रिंग टाकून देतो’ असे कोणी म्हटले, तर विचारावे: किती किलोची, किती लिफ्टला, आणि वेटोळे टेकायला किती मिलिमीटर उरतात? उत्तर आकड्यात आले नाही, तर चावी खिशात घालून घरी यावे.