आडनावातला पाहुणा 'ह'

रात्री झोप येईना की मी नकाशाचं पुस्तक उघडतो. त्यात चिली माझा विशेष लाडका. पडवळासारखा लांबलचक देश, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेलं तर मध्येच डोळा लागतो. पण परवा उलटंच झालं. स्पॅनिश नावांच्या गर्दीत एक आयरिश नाव पुन्हा पुन्हा भेटू लागलं, आणि होती नव्हती ती झोपही उडाली. रांकाग्वा ज्याची राजधानी, तो प्रांत ओ'हिगिन्सच्या नावाचा. पॅटागोनियातलं एक मोठं सरोवर ओ'हिगिन्स. सांतियागोचा मुख्य हमरस्ता त्याच्याच नावाचा. आणि तेवढ्यानं भागेना म्हणून की काय, अंटार्क्टिकावर 1948 पासून असलेला चिलीचा तळही ओ'हिगिन्सच.

मूळ आयरिश रूप 'ओ उइगिन'. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. म्हणजे उइगिन नावाच्या कुणा आजोबाची ही नातवंडं. गंमत अशी, की उइगिन या नावाचा संबंध 'व्हायकिंग' या शब्दाशी जोडतात. म्हणजे अस्सल आयरिश आडनावाच्या मुळाशीच समुद्रावरून आलेला कुणीतरी. आता 'ओ'पुढे स्वर आला की आयरिश भाषा मध्ये एक 'ह' घालते, म्हणून 'ओ हुइगिन'. हा 'ह' नावाचा नव्हे, व्याकरणाचा. पुढे इंग्रजी अमलात हजारो आयरिश घराण्यांच्या नावांतला 'ओ' गळाला. इथेही तो गेला, पण त्याच्या सोबतीला आलेला 'ह' मात्र नावाला चिकटून राहिला आणि झालं हिगिन्स. यजमान घर सोडून गेला, पाहुणा राहिला! (इंग्लंडात रिचर्डच्या लाडक्या नावावरून आलेले हिगिन्सही आहेत, त्यांचा या घराण्याशी संबंध नाही.)

या घराण्याचा पिढीजात धंदा कवितेचा. कॉनॉट भागातल्या सरदारांची स्तुती करायची आणि मानधन घ्यायचं. 16व्या शतकातला तायग डाल ओ हुइगिन त्यांतला नामांकित. त्यानं ओ'हारा घराण्यातल्या काही जणांची कवितेत टर उडवली, तेव्हा त्यांनी त्याची जीभ छाटली, असं परंपरा सांगते. खरंखोटं देव जाणे. पण कवितेला एवढं घाबरणारा समाज होता, याचं मला जरा कौतुकच वाटतं. आयर्लंडचे 2011 ते 2025 या काळातले राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स हेही कवी. त्यांच्या जिभेला सुदैवानं कुणी हात लावला नाही.

या नावाचा जो माणूस चिलीला पोचला, तो मात्र कवी नव्हता. स्लायगो परगण्यात, लॉख ॲरो या सरोवराकाठी बॅलिनरी म्हणून गाव आहे. तिथे 1720च्या सुमारास जन्मलेला ॲम्ब्रोझ हिगिन्स. कॅथलिकांना तेव्हा कायद्यानं सरकारी नोकरी बंद, सैन्यातली अधिकारपदं बंद. स्पेनमध्ये मात्र आयरिश कॅथलिकांचं स्वागत होई. तो कादीझला गेला, तिथून दक्षिण अमेरिकेला. अँडीजच्या बर्फातून टपाल नेणाऱ्यांचे हाल त्यानं पाहिले आणि घाटात जागोजागी विटांची आसराघरं बांधून घेतली. त्यामुळे मेंदोसा-सांतियागो टपाल हिवाळ्यातही चालू राहिलं. 1788मध्ये हा परका माणूस चिलीचा गव्हर्नर झाला आणि 1796मध्ये थेट पेरूचा व्हाइसरॉय. ऐन पंचाहत्तरीत!

आयुष्याचा बराच काळ तो नुसता हिगिन्स होता. उमरावकी मिळायची वेळ आली तेव्हा घराणं खानदानी दिसायला हवं, म्हणून गळालेला 'ओ' पुन्हा चिकटवला. मला यात लबाडी दिसत नाही. चोरीला गेलेली वस्तू माणसानं परत घरात आणून ठेवली, इतकंच.

नकाशावर भेटतो तो त्याचा मुलगा बर्नार्दो, अविवाहित आईच्या पोटी 1778मध्ये जन्मलेला. बापाच्या हयातीत तो आईच्या रिकेल्मे या आडनावानं वावरला. बाप 1801मध्ये वारला, तेव्हा कुठे मुलानं ओ'हिगिन्स लावलं. मग त्यानं बापाच्या मालकांविरुद्ध, म्हणजे स्पेनविरुद्धच तलवार उपसली. 1817च्या चाकाबुको लढाईनंतर तो देशाचा सर्वेसर्वा झाला, आणि उमरावांच्या पदव्याच रद्द करून टाकल्या. ज्या पदवीसाठी बापानं 'ओ' शोधून आणला, ती पदवी गेली. 'ओ' राहिला. पुढे 1823मध्ये त्याला सत्ता सोडावी लागली आणि 1842मध्ये लिमात, परमुलखातच, तो वारला.

आपल्या मराठी आडनावांचं बरं असतं. लिओ वराडकर डब्लिनमध्ये जन्मले, आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि 2019च्या डिसेंबरात मालवण तालुक्यातल्या वराडला येऊन गेले. पत्ता आडनावातच लिहिलेला. आयरिश आडनावात आजोबा असतो, गाव नसतं. मग गावाची आठवण ठेवायची कुठे?

ॲम्ब्रोझनं ती जमिनीवरच लिहिली. गव्हर्नर असताना त्यानं उत्तर चिलीतल्या वैराण मुलखात, वास्को नदीच्या खोऱ्यात एक गाव वसवलं आणि त्याला बॅलिनरीचं नाव दिलं. स्पॅनिश लेखणीनं त्याचं 'व्हॅलेनार' केलं. पावसाळी सरोवराकाठच्या खेड्याचं नाव आता वाळवंटाच्या कडेला नांदतं.

स्पॅनिशमध्ये 'ह' मुका असतो. त्यामुळे चिलीत ओ'हिगिन्सचा उच्चार 'ओईगिन्स' होतो. तो चिकट पाहुणा अखेर तिथे गेला. आणि व्हॅलेनारमधलं ते 'व्ह' लिहितात खरं, पण त्या भाषेत त्याचा उच्चार 'ब'च. गावातली माणसं म्हणतात, बायेनार.