लिंबागणेशच्या माळावर खजूर: झाड जगेल, पण मे महिन्यातले पाणी कुठून आणणार?

तुमच्या मोबाईलवरही असा एखादा व्हिडिओ आला असेल. पिवळ्याधमक फळांचे लोंबते घड, शेजारी हसतमुख शेतकरी आणि खाली मजकूर, ‘दुष्काळी भागात कमी पाण्यात लाखोंचे उत्पन्न’. मांजरसुंबा, लिंबागणेश, पाटोदा या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा आणि माळ मुरमाड. त्यामुळे वाळवंटातले झाड इथे सहज येईल असे वाटणे साहजिक आहे. झाड येईलही. पण ‘कमी पाण्यात’ हे शब्द अर्धेच खरे आहेत आणि पैसे बुडतात ते उरलेल्या अर्ध्यात.

अरबस्तानात खजुराबद्दल जुनी म्हण आहे की त्याचे पाय पाण्यात आणि डोके आगीत हवे. वाळवंटात खजूर दिसतो तो जिथे झरा किंवा भूजल आहे तिथेच. आपल्याकडची शिंदी ही खजुराची सख्खी बहीण. आता आठवून पाहा, शिंदीची झाडे तुम्ही कुठे पाहिलीत? ओढ्याकाठी, नाल्यात, पाझराच्या जागी. उघड्या माळावर शिंदीचे बन सहसा दिसत नाही. वर्षभर पाणी तोडले तरी खजुराचे झाड तग धरते, पण घड भरत नाहीत. झाड जगणे आणि बाग पिकणे यांत फरक आहे.

हिशेब करून पाहू. ८ बाय ८ मीटरवर एकरी साधारण ६२ झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला ऐन उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी धरावे लागते. म्हणजे एकरी रोज नऊ ते बारा हजार लिटर, सरळ भाषेत रोज एक टँकर. फुलोरा फेब्रुवारी-मार्चचा, फळ फुगते एप्रिल-मे-जूनमध्ये. म्हणजे आपली विहीर तळ दाखवते त्याच महिन्यांत खजुराला सर्वांत जास्त पाणी हवे. उसाशी तुलना केली तर हे पाणी निम्म्याच्या आसपास आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. बारमाही विहिरीवर उसाऐवजी खजुराचा विचार करणाऱ्याचे गणित वेगळे. पण ज्याचे बोअर मार्चमध्येच गुळण्या टाकते, त्याने हा नाद करू नये. २०२३ साली राज्याने दुष्काळी जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत आपल्या जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. अशा वर्षी चार वर्षे वाढवलेली बाग टँकरवर ओढायची की सोडून द्यायची, हा प्रश्न लागवडीच्या दिवशीच स्वतःला विचारा.

दुसरा अडथळा नेमका उलटा आहे, तो म्हणजे पाऊस.

कच्छमध्ये मुंद्रा भागात खजुराच्या जुन्या बागा आहेत. तिथल्या ताज्या फळाला ‘कच्छी खारेक’ म्हणून २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. (आपण खारीक म्हणतो ती वाळलेली, त्यांची खारेक म्हणजे झाडावरून उतरवलेले ताजे, करकरीत फळ. बाजारात बोलताना हा घोळ होतो.) तिथे पाऊस आपल्यापेक्षा बराच कमी. तरीही तिथले शेतकरी जूनच्या आभाळाकडे धास्तीनेच पाहतात. १५ जून २०२३ ला बिपरजॉय चक्रीवादळ जखाऊ बंदराजवळ धडकले, तेव्हा ऐन हंगामात तिथल्या बागांचे नुकसान झाले. आपल्याकडे वार्षिक सरासरी ६०० मि.मी.च्या वर आहे आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि मराठवाड्यातही मे महिन्यात धो-धो पाणी पडले. रंग धरलेल्या घडावर असा पाऊस बसला की फळ तडकते, आंबते आणि गळते.

म्हणून जातीची निवड इथे सर्वांत महत्त्वाची. मेडजूल, अजवा ही नावे ऐकायला भारी, पण त्या जाती झाडावर मऊ पडून वाळाव्या लागतात. आपल्या पावसाळ्यात ते होणार नाही. ‘बरही’ ही जात पिवळी आणि कडक असतानाच गोड लागते, तुरटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे लवकर उतरवता येते. मराठवाड्यात विचार करायचाच तर हिचाच. तरीही घडांना वरून प्लास्टिकची टोपी आणि खालून हवा खेळती राहील अशी जाळी बांधण्याची तयारी ठेवा. वरून-खालून बंद पिशवी बांधली तर आत बुरशी येते.

रोप ऊतिसंवर्धित घ्या. बियांपासून वाढवलेल्या झाडांत निम्मी नर निघतात आणि ते कळायला चार-पाच वर्षे जातात. ऊतिसंवर्धित रोप साडेतीन हजारांना मिळाले असे धरले तरी एकराला नुसत्या रोपांचे दोन लाखांवर जातात. खड्डे, ठिबक, कुंपण वेगळे. फळ साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू होते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या १६ फळपिकांच्या मूळ यादीत सीताफळ, डाळिंब, चिंच, आवळा आहेत, खजूर नाही. ‘अनुदान मिळवून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्याआधी तालुका कृषी कार्यालयात स्वतः जाऊन या.

बाजाराचे काय? भारत जगात सर्वांत जास्त खजूर आयात करणाऱ्या देशांत आहे. त्यावरून ‘मागणी अफाट’ असा निष्कर्ष काढला जातो. पण ती मागणी मुख्यतः वाळलेल्या, टिकाऊ खजुराची. तुमचे ताजे फळ जून-जुलैचे, थोडेच दिवस टिकणारे. रमजानचा भाव मिळेल म्हणाल तर रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१४ आणि २०१५ मध्ये तो जून-जुलैत आला होता, २०२६ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. तुमचा हंगाम आणि तो सण पुन्हा जुळायला बरीच वर्षे आहेत. बीडच्या भाजीबाजारात ताजा पिवळा खजूर कसा खायचा हेच अनेकांना माहीत नाही. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक तुम्हालाच शिकवावे लागेल.

मग माझे मत काय? बालाघाटच्या उतारावर आपले सीताफळ पाण्याशिवाय उभे राहते, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ पासून मानांकनही आहे. ते काढून खजूर लावू नका. शेततळे किंवा बारमाही विहीर असेल तर बांधाच्या कडेने दहा झाडे लावा, नऊ मादी आणि एक नर. निचरा होणारी मुरमाड जमीन निवडा. काळ्या चिबड रानात २०२५ च्या सप्टेंबरसारखी अतिवृष्टी झाली तर मुळ्या गुदमरतील. लावताना रोपाचा कोंब मातीत गाडू नका, कोंब कुजला की झाड गेलेच. शेणखत पूर्ण कुजलेलेच टाका, नाहीतर गेंडा भुंगा येतो.

परागीकरण हाताने करावे लागते, ते वाऱ्यावर सोडू नका. मादीचा फुलोरा उकलला की दोन-तीन दिवसांत नराच्या फुलोऱ्यातल्या दोन-तीन काड्या त्यात उलट्या बांधायच्या. नर आधी फुलला तर पराग सावलीत वाळवून, हवाबंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. झाड उंच झाल्यावर हे काम शिडीवर चढून करावे लागते आणि पानांच्या बुडाला सुईसारखे काटे असतात. चढण्याआधी ते कोयत्याने साफ करून घ्या.