लम्पीच्या दुधाची भीती. ‘ब्रुसेला’ मात्र कोणाच्या गावीही नाही

अमरावती/अकोला : ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात लम्पी आला आणि बघता बघता अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरला. गुरांचे बाजार बंद झाले, जनावरं दगावली. सोबत एक प्रश्नही गावोगाव फिरला : आता दूध प्यावं की नाही? लम्पी जनावरापासून माणसाला होत नाही, असं पशुसंवर्धन विभागाला वारंवार सांगावं लागलं.

ते खरंच होतं. पण दुधातून माणसापर्यंत येणारा आजार वेगळाच आहे. त्याचं नाव ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. त्याची चर्चा मात्र पारावर कधी होत नाही.

गाठ दिसत नाही, म्हणून भीती नाही

लम्पीच्या गाठी लांबूनच दिसतात. ब्रुसेलाची गाय धडधाकट दिसते. साधारण सहाव्या महिन्यानंतर ती गाभडते, वार अडकते. घरचे म्हणतात, मार लागला असेल, नाहीतर नजर लागली. पुढच्या वेताला तीच गाय नीट वितेही. पण जंतू कासेत टिकून राहतात आणि दुधातून बाहेर येत राहतात. औषधानं गाय पूर्ण बरी होईल, याचा भरवसा नसतो. मग ती गुपचूप बाजारात जाते आणि तिच्यासोबत रोगही दुसऱ्या गोठ्यात पोहोचतो.

धोका कोणाला?

पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेलं असतं. घरी उकळलेलं दूध, त्याचं दही, चहा, खवा यांतूनही भीती नाही. भीती आहे ती ‘ताकदीचं’ म्हणून पोरांना दिल्या जाणाऱ्या धारोष्ण दुधाची आणि न तापवलेल्या दुधाच्या पनीर-लोण्याची.

त्याहून मोठा धोका गोठ्यातच आहे. अडकलेली वार उघड्या हातानं ओढणं, पडलेला गर्भ उचलणं, ती जागा झाडणं यातून जंतू हाताच्या जखमेतून, डोळ्यांतून शरीरात जातात. ही कामं अनेक घरांत बायाच करतात.

माणसाला ताप चढतो-उतरतो, रात्री घाम फुटतो, कंबर अन् सांधे धरतात. टायफॉइड किंवा मलेरिया समजून महिनोन्‌महिने औषधं चालतात. पुरुषांत अंडकोषाला सूज येऊ शकते, गरोदर बाईचा गर्भपात होऊ शकतो. उपचार आहे, पण किमान सहा आठवड्यांचा. मध्येच गोळ्या सोडल्या, की आजार उलटतो.

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक याच तापानं बेजार होते. १९०५ मध्ये शेळ्यांमध्ये हे जंतू सापडले. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचं दूध देणं थांबवलं आणि रुग्ण झपाट्यानं घटले.

लस आहे, वेळ थोडी

केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून लाळ-खुरकतसोबत ब्रुसेलाचीही लस आहे. ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी अन् वगारींना, आयुष्यात एकदाच देतात. गाभण गाईला चालत नाही. म्हणजे हातात चारच महिने असतात. लम्पीच्या वेळी लोकांनी स्वतःहून लस मागितली, कारण मरण डोळ्यांसमोर होतं. ब्रुसेलाची लस कोणी मागत नाही आणि कालवडीचं वय निघून जातं. खरी अडचण इथं आहे.

गाय गाभडली तर लपवून फायदा नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून रक्त-दूध तपासून घ्यावं. हातमोजे घालूनच वार हाताळावी. वार अन् गर्भ चुना टाकून खोल पुरावा, कुत्र्यांपुढे टाकू नये. ताप लांबला तर घरी जनावरं आहेत, हे डॉक्टरला आधी सांगावं. आणि दूध, घरच्या गाईचं असलं तरी, उकळल्याशिवाय पोरांच्या हाती देऊ नये.